सायकल धावेल असा खडीचा रस्ता करावा कसा

खडी ओता, मुरूम लोटा, टँकर फिरवा, झाला रस्ता! असा सल्ला देणाऱ्याला आधी त्याच रस्त्यावर सायकल मारायला लावावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात याहून वाईट चाले. फोडलेली खडी नुसती पसरायची आणि ती दाबायचे काम घोडागाड्यांच्या लोखंडी धावांवर सोडायचे. भरीव रबरी टायरवर हाडे खिळखिळी करून घेणाऱ्या सायकलस्वारांच्या संघटनांनी १८८६ साली 'रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' काढली आणि रस्ता कसा राखावा याची पत्रकेच वाटली. अमेरिकेतल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'ने १८९२ मध्ये 'गुड रोड्स' मासिक काढले. त्यांना हवा होता मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याच्या पद्धतीचा रस्ता, म्हणजे आपले खडीकरणच.

गटारी आधी काढा. तळ दाबून घ्या. मध्यापासून कडांकडे ४० ला १ उतार ठेवा. साइडपट्ट्या आधी बांधा, नाहीतर खडी बाहेर पळते.

६३ ते ४५ मिमीची फोडलेली खडी १०० मिमी जाड पसरा. दबून ती ७५ होते. १० चौरस मीटरला साधारण १ घनमीटर लागते. नदीतले गोटे नकोत, ते एकमेकांत अडकत नाहीत.

आता कोरडी दबाई. रस्ते बिघडतात ते इथे. ८ ते १० टनी रोलर कडेपासून मध्याकडे न्या. प्रत्येक फेरीत मागच्या चाकाचा अर्धा पट्टा पुन्हा दबला पाहिजे. या वेळी पाणी नाही, मुरूम तर नाहीच. मुरूम आधी पडला की तो दोन खड्यांच्या मध्ये बसतो आणि खडी खडीला भिडतच नाही. पहिल्या पावसात तो वाहून जातो आणि वर मोकळी खडी उरते. रोलरपुढे लाट उठली तर तळ ओला आहे. काम थांबवा, वर खडी टाकून लाट झाकू नका. चालताना पायाखालचा खडा हलेना की पुरे. त्यापुढे दाबत राहिलात तर खडीच्या धारा मोडतात आणि पकड जाते.

मग बारीक खडी तीन-चार हप्त्यांत कोरडीच टाका, खराट्याने फटींत लोटा आणि दाबा. फटी भरल्यावरच पाणी आणि थोडा मुरूम. मुरूम भिजवून तळव्यावर वळून पाहा: बारीक लांब वळी होत असेल तर त्यात चिकणमाती जास्त आहे. असा मुरूम पावसात निसरडा होतो आणि उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो.

रात्रभर वाळू द्या, तोवर वाहने बंद. पुढे खड्डा पडलाच तर तो चौकोनी कापा, घट्ट खडी लागेपर्यंत खणा आणि याच क्रमाने भरा.