सुट्या भागांचा ब्रँडेड मंडप: रंगाआधी माप ठरवा

कंपनीच्या परिषदेसाठी किंवा नव्या उत्पादनाच्या अनावरणासाठी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी सुट्या भागांची रचना हवी असेल, तर रंग आणि लोगो यांच्या चर्चेआधी मापाचे एकच एकक पक्के करावे. १ मीटर रुंदीच्या चौकटीचे एकक सोयीचे पडते. प्रदर्शनांतील गाळे अनेकदा ३ बाय ३ मीटरच्या पटीत मिळतात, त्यामुळे त्याच चौकटी ६ बाय ३ मीटरच्या जागेतही कापाकापी न करता बसवता येतात.

आराखड्यात हमखास विसरली जाणारी बाब म्हणजे जमिनीचा असमतोल. १ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच चौकटीचा एक पाय जेमतेम ४ मिलिमीटर वर राहिला, तरी तिचे वरचे टोक १० मिलिमीटर बाजूला झुकते आणि नेमक्या लोगोच्या मध्यावर फट दिसू लागते. म्हणून प्रत्येक चौकटीला स्क्रूने उंची जुळवता येणारे पाय असावेत. ही काटकसरीची जागा नव्हे.

सांगाडा तटस्थ रंगाचा ठेवून ब्रँडची ओळख बदलत्या थरावर सोपवावी. कडेला सिलिकॉनची पट्टी शिवलेले छापील कापड ॲल्युमिनियमच्या खाचेत दाबून बसवले, की तीन-चार चौकटींवर एकसंध चित्र मिळते आणि पुढच्या कार्यक्रमाला केवळ कापड बदलावे लागते. हे कापड आगरोधक असल्याचे प्रमाणपत्र मात्र आधीच घ्यावे. सर्वांत मोठा भाग मालवाहू लिफ्टमधून तिरका का होईना जातो की नाही, याचीही खात्री आराखडा मंजूर करण्यापूर्वीच करावी.