कात्रीचा लिनोकट: ठशावर उलटी, कागदावर सुलटी

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा (लिनो) कोरून ठसा करायचा आणि न कोरलेल्या भागाला शाई लावून कागदावर छापायचं. रोजच्या वापरातली वस्तू लिनोकटमध्ये आणायची, तर कात्री घ्या. ठशावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. कपाचा कान डावीकडून उजवीकडे गेला तर कुणाच्या ध्यानात येत नाही; उजव्या हाताची कात्री मात्र छापल्यावर डावखुऱ्यांची होते. शिवणकाम करणाऱ्याला ती बघताक्षणी खटकते.

म्हणून थेट लिनोवर चित्र काढू नका. कात्री जराशी उघडून पांढऱ्या कागदावर ठेवा. दिवा एकच, डावीकडून, अगदी तिरपा. डोळे किलकिले केले की करड्या छटा गळून पडतात. काळं कुठे आणि पांढरं कुठे, एवढंच उरतं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने तेवढंच काढा, प्रत्यक्ष आकारात. चहूबाजूंनी रेघ मारण्याचा मोह आवरा. पात्याची उजेडातली कड कागदाच्या पांढऱ्यात विरली, तरच पोलाद चकाकतं. रेघेने कोंडली की कात्री पुठ्ठ्याची वाटते. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) यांची बाटल्या-भांड्यांची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून छापलेली चित्रं) यासाठी जरूर पाहावीत. रेघांच्या जाळीची दाटी कमीजास्त करूनच ते वस्तू उभी करतात.

ट्रेसिंग पालथं घालून ३.२ मिमी जाडीच्या लिनोवर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. पेन्सिल उलटी उतरते, म्हणजे छाप सुलटी पडेल. रेघा न पुसल्या जाणाऱ्या मार्करने पक्क्या करा.

लिनो कडक असेल तर हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट करा. आधी बारीक व्ही-कोरणीने कडा, मग यू-कोरणीने मोकळी जागा. खोली १ ते १.५ मिमी पुरे. तागाचं अस्तर दिसलं, तर जास्त खोल गेलात. वळणावर कोरणी नाही, लिनो फिरवा. मुठीची कडी तशीच गोल येते. दुसरा हात कायम कोरणीच्या मागे ठेवा. उतार काळ्या भागापासून बाहेर जायला हवा. कोरणी कडेखाली आत घुसली की कड पोकळ होते आणि छापताना तुटते. पात्यांच्या मधली फट सगळ्यात शेवटी, एका दमात कोरा. तिथे हात चुकला तर भरून काढता येत नाही.

काचेवर तेलाची शाई पातळ पसरा. रोलरचा आवाज हलका, सुस्स असा यावा. चिकट चरचराट आला तर शाई जास्त झाली आहे आणि ती फट बुजवणार. रोलरने लिनोवर एक जाड थर देण्यापेक्षा पातळ तीन-चार द्या. हाताने छापायचं तर ४० ते ६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) जपानी कागद घ्या. जाड कागदाला प्रेस लागतो. कागद शाई लावलेल्या लिनोवर ठेवा, लाकडी चमच्याने मधून कडांकडे घासा, एक कोपरा उचलून डोकावा, फिकं असेल तिथे पुन्हा घासा.

पहिल्या दोन-तीन छापा फिक्या येतात, कारण नवा लिनो शाई पितो. त्या फेकू नका. खरी कात्री शेजारी ठेवून वर कोणतं पातं आहे ते ताडून बघा. काळ्यात पांढरे ठिपके दिसले, तर शाई किंवा दाब कमी पडला आहे. कडा दुहेरी आल्या, तर कागद सरकला.

छापा काही दिवस टांगून वाळवा. मगच खाली पेन्सिलीने डावीकडे छापेचा क्रमांक, उजवीकडे सही.