मन्स्टरमध्ये नव्याने राहायला आलात? गावचा कमोगी क्लब शोधा

पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक) कसा काढायचा, जीपी म्हणजे नेहमीचा डॉक्टर कुठे मिळेल, पोळ्यांना कुठलं पीठ बरं, हे तुम्हाला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीही सांगेल. मी दुसरंच सांगणार आहे. कॉर्क, लिमरिक, टिपररी, क्लेअर, वॉटरफर्ड किंवा केरी, आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तुम्ही उतरला असाल, तिथला जवळचा कमोगी क्लब शोधा. घरात शाळकरी मुलगी असेल तर पहिल्या महिन्यातच. नसेल तर नोव्हेंबरात मन्स्टरच्या क्लब चॅम्पियनशिपचे सामने असतात, त्यातला एखादा तरी बघायला जा. इथली माणसं तुमच्याशी हवापाण्याच्या पलीकडचं बोलायला लागतील ती तिथे.

कमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ. हातात ॲश लाकडाची हर्ली, चामड्याचा टणक चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात, आणि डोक्याला जाळीचं हेल्मेट. मैदानात एका बाजूला पंधराजणी. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे 3 गुण. दांड्यावरून दोन खांबांमधून गेला तर 1. धावफलकावर आकडे वेगवेगळे लिहितात: 2-05 म्हणजे दोन गोल आणि पाच पॉइंट, एकूण 11. समोर 0-12 असेल तर एकही गोल न करता तो संघ जिंकलेला असतो. एवढं डोक्यात बसलं की सामना कळतो. खेळ अतिशय वेगवान आहे, पहिल्यांदा बघताना चेंडू दिसतच नाही. नजर चेंडूवर नको, खेळाडूंच्या खांद्यांवर ठेवा. खांदे वळतात तिकडे चेंडू गेलेला असतो.

आता क्लबचं. इथे क्लब पैसे मोजून निवडला जात नाही, तो पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावपरिसराचा असतो. तुम्ही जिथे राहता तो तुमचा क्लब. कोणालाही मानधन नाही. कॉर्कच्या काउंटी संघातली नावाजलेली खेळाडूसुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा दवाखान्यात ड्युटीवर असते. कोल्हापूरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉल सामन्याला पेठच्या पेठ कशी लोटते हे ज्याने पाहिलंय, त्याला पॅरिशचा क्लब लगेच उमगतो.

या क्लबांची शिडी अशी: आधी काउंटीतले क्लब आपसात खेळतात. काउंटी जिंकली की मन्स्टर, मन्स्टर जिंकलं की ऑल-आयर्लंडच्या, म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलची वाट, आणि शेवटी फायनल. ऑल-आयर्लंड क्लब चॅम्पियनशिप 1964 पासून आहे. पहिल्या वर्षी डब्लिनचा सेल्टिक क्लब जिंकला. पण 1965 आणि 1966 अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक टिपररीतल्या ग्लेनगूल गावच्या सेंट पॅट्रिक्सने आणला. डब्लिनसारख्या राजधानीच्या शहरानंतर लगेच ग्लेनगूल! नकाशावर ते गाव जरूर शोधा. मन्स्टरचा स्वभाव या पहिल्या तीन वर्षांतच दिसतो: इथे करंडक शहरात राहीलच असं नाही.

शहराचा काळही आला. कॉर्क शहरात ली नदीच्या उत्तरेला ब्लॅकपूल नावाचा भाग आहे, दाटीवाटीची कामगार वस्ती म्हणून जुना ओळखला जाणारा. ग्लेन रोव्हर्स क्लब तिथला. पुरुषांच्या हर्लिंगमध्ये ख्रिस्टी रिंग आणि पुढे पंतप्रधान झालेले जॅक लिंच याच क्लबचे, म्हणून ग्लेनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण ब्लॅकपूलच्या एखाद्या आजींकडे ग्लेनच्या मुलींचा विषय काढून बघा. 1986, 1990, 1992 आणि 1993, चार वेळा ऑल-आयर्लंड क्लब विजेत्या. सँडी फिट्झगिबन आणि लिंडा मेलरिक ही नावं तिथे आजही आदराने घेतात. सँडी तर आयर्लंडकडून बास्केटबॉलही खेळली. त्या काळी कमोगी बाराजणींचा खेळ होता, मैदानही लहान. पंधराजणींचा संघ आणि मोठं मैदान 1999 पासून आलं.

हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्यासाठीही तो कामाचा आहे. पंधराजणी म्हणजे गावातून आणखी तीन मुली हव्यात, शिवाय बाकावर बदली खेळाडू. शहरातल्या क्लबला ते जमतं. पण एका चर्चभोवती, एका शाळेभोवती वसलेल्या गावात एका वयाच्या मुली असतात किती? म्हणून मन्स्टरच्या यादीत जोडनावं दिसतात: लिमरिकचा ग्रॅना-बॅलिंगॅरी, क्लेअरचे स्कॅरिफ-ओगॉनेलो आणि ट्रुआ-क्लॉनलारा. आणि असे क्लब नुसते तग धरून नाहीत, जिंकतात. ग्रॅना-बॅलिंगॅरीने 1998, 1999 आणि 2003 ला ऑल-आयर्लंड घेतलं. टिपररीच्या कॅशेलने 2007 आणि 2009 ला. पर्यटक तिथला खडकावरचा किल्ला बघून परत फिरतात, गावातल्या लोकांना विचाराल तर ते तुम्हाला त्या दोन फायनल सांगतील. त्यानंतर आलं मिलफर्ड. उत्तर कॉर्कमध्ये, लिमरिकच्या हद्दीला लागून असलेलं एवढंसं खेडं. त्याने तीनदा ऑल-आयर्लंड जिंकलं. कॉर्क काउंटी 2014 ला ऑल-आयर्लंड जिंकली तेव्हा कॅप्टन होती मिलफर्डची ॲना गीअरी, आणि 2015 ला पुन्हा जिंकली तेव्हा कॅप्टन मिलफर्डचीच ॲशलिंग थॉम्पसन. एका खेड्याने लागोपाठच्या वर्षी काउंटीला दोन कॅप्टन दिल्या.

म्हणून सांगते, क्लबच्या दारात तुम्ही उपरे म्हणून उभे राहत नाही. तुमची आठ वर्षांची मुलगी त्यांना खरोखर हवी असते. गावच्या शाळेत मुलींची संख्या रोडावत असेल तर तुमच्या घरातली एक मुलगी म्हणजे अंडर-10 चा संघ उतरणं आणि न उतरणं यातला फरक असू शकतो. आमच्या क्लबमध्ये पहिल्या संध्याकाळी कोच बाईंनी माझ्या मुलीला नाव विचारलं, ते दोनदा म्हणून घेतलं, आणि सराव संपेपर्यंत मैदानभर ते नाव बरोबर उच्चारात ऐकू येत होतं. शाळेत त्याला एक सत्र लागलं होतं.

व्यवहाराचं आता थोडक्यात. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीला होते, फोइरन नावाच्या ॲपवर. नंतर आलात तरी कोणी परत पाठवत नाही. लहान गटांत गुणांना महत्त्व नसतं, प्रत्येकीला खेळायला मिळतं, त्यामुळे "हिला काहीच येत नाही" ही काळजी नको. हेल्मेट सक्तीचं आहे, सरावालासुद्धा. पहिल्या काही दिवसांसाठी बरेच क्लब देतात. हर्ली मात्र कोचला दाखवून घ्या. आपल्याकडे बूट, स्वेटर सगळं एक नंबर मोठं घ्यायची सवय, पुढच्या वर्षीही चालावं म्हणून. हर्लीत ते चालत नाही. लांब हर्लीने मुलीला मनगट फिरवता येत नाही, ती दोन्ही हातांनी झाडू मारल्यासारखी खेळते आणि ती खोड पुढे सुटत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत केलॉग्ज कूल कॅम्प असतात, 6 ते 13 वयाच्या मुलांसाठी. आठवडाभर मूल मैदानात राहतं आणि शाळा उघडायच्या आत चार मैत्रिणी झालेल्या असतात.

मुलगी मोठी असेल तर पोशाखाचा प्रश्न येईल. वर्षानुवर्षं कमोगीत स्कॉर्ट, म्हणजे वरून स्कर्ट दिसणारी पॅन्ट, सक्तीची होती. खेळाडूंना ती नको होती. कमोगी संघटनेच्या 2024 च्या अधिवेशनात बदलाचा ठराव फेटाळला गेला. मग मे 2025 मध्ये डब्लिन आणि किलकेनीचे संघ शेजारच्या लेन्स्टर प्रांताच्या सेमीफायनलला शॉर्ट्स घालून उतरले, पंचांनी त्यांना बदलायला लावलं, आणि देशभर गदारोळ झाला. कॉर्क आणि वॉटरफर्ड यांची काउंटी संघांची मन्स्टर फायनलसुद्धा पुढे ढकलली गेली. त्याच महिन्यात 22 तारखेला विशेष अधिवेशन भरलं आणि प्रचंड बहुमताने शॉर्ट्सची मुभा मिळाली. ज्या घरांत मुलीला स्कर्ट नको वाटतो म्हणून खेळ सोडायची वेळ आली असती, त्यांचा प्रश्न सुटला. मला याचा मनापासून आनंद आहे, आणि तो बदल खेळाडूंनी स्वतः उभं राहून घडवला याचा अभिमानही.

आई-बाबांनी गाडीत बसून राहू नये. बाजूच्या रेषेवर उभं राहा, बाटल्या भरा, सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करा. मुलांबरोबर मदत करायची तर गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडून पडताळणी, आणि बालसुरक्षेचा छोटा कोर्स लागतो. फॉर्म क्लबच देतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ज्यांना स्वतः हर्ली हातात घ्यायची आहे त्यांच्यासाठी काही क्लबांत आई आणि मुलीने एकत्र शिकायचे वर्गही असतात. सामन्यानंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविच असतात, बहुतेक हॅमचे. शाकाहारी असाल तर चहाच्या टेबलावरच्या बाईंना आधी सांगून ठेवा. पुढच्या वेळी अंड्याचं किंवा चीजचं ताट वेगळं ठेवलेलं सापडेल. अंडंही चालत नसेल तर तेही सांगा, त्या लक्षात ठेवतात.

आणि नोव्हेंबरातला तो सामना. काउंटी संघांचा हंगाम ऑगस्टमध्ये संपतो, मग क्लबांचा सुरू होतो; आता ऑल-आयर्लंड क्लब फायनल डिसेंबरात होते. मन्स्टरचे सामने त्याच्या आधी, म्हणजे ऐन ओल्या थंडीत. रबरी बूट, दोन जोड मोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या. आपल्या काउंटीच्या बाजूला उभे राहा. शेजारी बहुतेक एखाद्या खेळाडूची आजी किंवा मावशी असेल. तिला एवढंच विचारा, की तुमचा क्लब शेवटचा मन्स्टर फायनलला कधी गेला होता? मध्यंतरापर्यंत तुम्हाला त्या घराच्या तीन पिढ्या, कोणाचं बोट कुठल्या सामन्यात मोडलं, कोणती मुलगी ऑस्ट्रेलियाला गेल्यामुळे संघ कसा लंगडा झाला, सगळं कळलेलं असेल. मग ती विचारेल, तुम्ही कुठे राहता. पॅरिशचं नाव सांगा, काउंटीचं नाही.