किडनीच्या आजारातल्या मुलाला आहारतज्ज्ञांकडे नेण्याआधी

भेटीची तारीख मिळाली की आधी एक सांभाळा: कुणाच्या सांगण्यावरून डाळ, दूध, अंडं बंद करू नका. आजोबांचं किडनीचं पथ्य नातवाला लागू होत नाही. त्याला त्याच्या वयाच्या निरोगी मुलाइतकेच उष्मांक लागतात, आणि वाढीपुरती प्रथिनंही. मंदावलेली भूक, उलट्या, रक्तात साठणारं आम्ल आणि हाडांचा त्रास यांनी उंची आधीच खुंटत असते. त्यात घरच्या उपासमारीची भर नको.

मग तीन दिवसांचं खाणं लिहून काढा, दोन शाळेचे आणि एक सुट्टीचा. ‘वरण-भात जेवला’ एवढ्यानं आहारतज्ज्ञांना काहीच कळत नाही. अर्धी वाटी भात, तीन चमचे वरण, पाऊण पोळी, तिला तूप किती, डबा किती परत आला, उलटी कधी झाली, असं लिहा. वाटीत किती मिली मावतं ते एकदा मोजून ठेवा. पाणी, ताक, सरबतही मोजूनच. पुड्यातला खाऊ असेल तर मागच्या मजकुराचा फोटो घ्या.

उंची-वजनाच्या जुन्या नोंदी शोधा. अंगणवाडीचं किंवा लसीकरणाचं कार्डही चालेल. आई-बाबांची उंचीही लिहून न्या. सूज होती त्या दिवसांच्या वजनापुढे खूण करा, कारण ते अंगी लागलेलं वजन नव्हे. पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट तारखेनुसार लावा. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबत घेतली तरच काम करते, म्हणून शाळेत ती कोण देतं तेही सांगा.

मिठाचं स्पष्ट विचारून घ्या. सूज किंवा रक्तदाब असेल तर लोणचं, पापड, फरसाण आवरावंच लागतं. पण जन्मतःच किडनी नीट न घडलेल्या काही मुलांच्या लघवीतून मीठ वाहून जातं, त्यांना ते वरून द्यावं लागतं. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असतं, आणि किडनी दुबळी असेल तर ते रक्तात साठू शकतं; असं मीठ परस्पर आणू नका. बटाटा, टोमॅटो, केळं, शहाळं यांतही पोटॅशियम बरंच असतं, त्यांचा निर्णय रिपोर्ट पाहूनच होऊ द्या. पोटॅशियम कमी करायला भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं का, तेही विचारा.

सगळं सावरूनही उंची सरकत नसेल, तर किडनीतज्ज्ञांकडे ग्रोथ हॉर्मोनचा विषय तुम्हीच काढा, आणि लवकर काढा. हाडांची वाढीची टोकं जुळून गेल्यावर त्यानं उंची वाढत नाही.