जपानची अर्थव्यवस्था का साचली? उत्तर लिहिताना या चुका टाळा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी अर्थशास्त्र शिकवतो. "श्रीमंत, वृद्ध देशाची वाढ दीर्घकाळ का खुंटते?" हा प्रश्न दिला की बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य एकच असतं: "जपानमध्ये म्हातारे वाढले, म्हणून वाढ थांबली." दरवर्षी तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सालं न लावता कारण लिहिणं

जपानच्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकानं २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ चा उच्चांक गाठला आणि नवं वर्ष लागताच तो कोसळू लागला. पाठोपाठ १९९१ पासून जमिनीचे भाव उतरले. १५ ते ६४ या कामाच्या वयातली लोकसंख्या मात्र १९९५ पर्यंत वाढतच होती. एकूण लोकसंख्या तर २००८ च्या सुमारास शिखरावर पोचली, साधारण १२ कोटी ८० लाख. मग १९९० ची पडझड १९९५ नंतर घटलेल्या मनुष्यबळामुळे कशी झाली असेल?

वयाचा परिणाम नंतर होतो आणि तो खराच आहे. दहा वर्षांनी गिऱ्हाईक कमी असणार हे दिसत असताना कारखानदार देशात नवी यंत्रं बसवत नाही, बाहेर जातो. पण एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. जर्मनी आणि इटली दोन्ही म्हातारे देश. २००० ते २०१९ या काळात जर्मनीचं दरडोई वास्तव उत्पन्न चांगलं वाढलं, इटलीचं जवळपास होतं तिथंच राहिलं. हा फरक वयातून निघत नाही.

माझी सवय सांगतो. कोरा कागद घ्यायचा, मधोमध रेघ मारायची. डावीकडे पैशाच्या घटना, उजवीकडे माणसांच्या, आणि सालं वरून खाली. दहा मिनिटं लागतात. मुलांना ती दहा मिनिटं जड वाटतात. त्यांना पाच मुद्द्यांची पीडीएफ हवी असते. सगळ्या वह्यांत एकच चूक येते ती त्या पीडीएफमुळेच.

"बँका बुडाल्या" एवढंच लिहून पुढे जाणं

ही चूक मला सर्वांत जास्त लागते. शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटल्यावर कितीतरी वर्षं मोठ्या बँका बुडाल्याच नाहीत, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भोसरीतल्या एका वर्कशॉपचं खातं माझ्याकडे होतं. लेथ जुने, ऑर्डरी गेलेल्या, व्याज थकलेलं. मार्चअखेर जवळ आली की वरून निरोप यायचा, खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जाता कामा नये. मग कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा वाढवायची आणि त्या वाढीव रकमेतून थकलेलं व्याज वळतं करून घ्यायचं. पीककर्जात ज्याला नवं-जुनं करणं म्हणतात, तोच प्रकार. असे तीन मार्च मी सही केली. चौथ्या वर्षी शेडला कुलूप लागलं. त्याच काळात शेजारच्या गाळ्यातला एक तरुण संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनसाठी कर्ज मागायला आला होता. त्याचं मार्जिन (स्वतः घालायचा पैसा) कमी पडतंय म्हणून मी त्याला परत पाठवलं. त्या कुलपापेक्षा तो परत गेलेला मुलगा मला जास्त आठवतो.

जपाननं हेच देशभर केलं. ज्यांचा धंदा संपला होता त्या कंपन्यांना बँका कमी व्याजात जगवत राहिल्या, कारण कर्ज बुडीत दाखवलं तर बँकेचं स्वतःचं भांडवल उघडं पडलं असतं. अशा कंपन्यांना 'झोंबी' हे नाव पडलं. काबायेरो, होशी आणि कश्यप या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की ज्या उद्योगांत झोंबी जास्त, तिथं नवे रोजगार कमी आणि उत्पादकताही कमी. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज कोसळल्या, तेव्हा झाकलेलं बाहेर आलं. बुडीत कर्जं खरोखर मोजायची सक्ती मंत्री हेइझो ताकेनाका यांनी केली ती २००२ नंतर. म्हणजे फुगा फुटून एक तप उलटल्यावर!

आता कागदाच्या उजव्या बाजूला बघा. त्याच वर्षांत कॉलेजातून बाहेर पडलेल्या पिढीला कायमच्या नोकऱ्या मिळेनात. जपानमध्ये त्या काळाला 'रोजगाराचं हिमयुग' म्हणतात. हंगामी कामावरच्या मुलांची लग्नं लांबली, कित्येकांची झालीच नाहीत. २००५ मध्ये जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.२६ वर आला. जन्म आधीही घटत होतेच, पण साचलेल्या अर्थव्यवस्थेनं म्हातारपण आणखी वाढवलं. बाण दोन्ही दिशांना जातो, आणि उत्तरात तो दोन्हीकडे काढायला हवा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ज्या करारानंतर येन महाग झाला, त्या १९८५ च्या प्लाझा करारावर सगळा दोष टाकू नका. महाग येनचा धक्का सोसायला जपानच्या मध्यवर्ती बँकेनं फेब्रुवारी १९८७ मध्ये व्याजदर २.५ टक्क्यांवर आणला आणि मे १९८९ पर्यंत तिथंच ठेवला, तेही लिहा.

"व्याज शून्य करूनही कंपन्यांनी कर्ज का उचललं नाही?" अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांचं उत्तर: मालमत्तेपेक्षा कर्ज मोठं झालं की कंपनी आधी कर्ज फेडते.

एप्रिल १९९७ मध्ये खरेदीवरचा उपभोग कर ३ वरून ५ टक्के झाला. हे साल जवळजवळ सगळेच विसरतात.

सरकारी कर्ज जीडीपीच्या दोनशे टक्क्यांवर, म्हणून "जपान दिवाळखोर" असं लिहू नका. ते कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतांशी देशातल्या देशातच आहे.

एकूण जीडीपीवर थांबू नका. कामाच्या वयातल्या माणसामागे मोजलं, तर १९९८ ते २०१९ मधली जपानची वाढ अमेरिकेच्या तोडीची निघते.

आणि शेवटी "भारत तरुण देश आहे" असं लिहून मोकळे होऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. जपान त्या रेषेखाली १९७० च्या दशकात गेला, तेव्हा तो श्रीमंत देशांत जमा झालेला होता. आपण अजून झालेलो नाही.