पावसाळ्यात कोकणात घरगुती मुक्काम आणि सड्यावरची भटकंती: या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणात समुद्र बंद असतो, पण सडा उघडा असतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर पडलेला तो पसारा जूनच्या सरींनी हिरवा व्हायला लागतो. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या पट्ट्यात कुणाच्या तरी घरी दोन-तीन रात्री राहून त्यावर भटकावं, असा हा हंगाम. बिघडतं ते बहुतेक वेळा तयारीत, आणि त्यातही पायांत.

महागडे ट्रेकिंगचे बूट घातले म्हणजे झालं, ही पहिली चूक. ओल्या कातळावर शेवाळाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर असतो. टणक तळव्याचा बूट त्यावर सरळ सटकतो, मग तो कितीही किमतीचा असो. तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. गावातली माणसं साधे रबरी सँडल घालून फिरतात ते काटकसर म्हणून नव्हे. आत गेलेलं पाणी लगेच बाहेर पडतं. गमबूट शेताच्या चिखलात ठीक, सड्यावर मात्र वरून पाणी शिरलं की पाय उचलवत नाही. अनवाणी तर अजिबात नको. पायाला जखम असेल तर शेतातल्या साचलेल्या पाण्यातूनही जाऊ नका, लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) तिथूनच येतो.

चांगलं पादत्राण घालूनही घसरत असाल तर आधी तळवा बघा. खाचांत लाल माती गच्च बसली असेल तर काडीने काढा. मग चाल बघा. डांबरी रस्त्यावर आपण टाच आधी टेकतो, कातळावर अख्खं पाऊल एकदम ठेवायचं आणि पावलं आखूड टाकायची. काळा, तुळतुळीत दगड सोडून खरबरीत जांभ्यावर पाय द्या. हातात काठी हवीच. डबक्याची खोली तिनेच कळते, आणि गवतात पाऊल टाकण्याआधी तिनेच आपटून बघायचं, कारण हा मुलूख फुरसं या विषारी सापाचा आहे. फुरसं लहान असतं आणि दगडाच्या रंगात मिसळून जातं. चावलंच तर आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक शोधणं यांत वेळ घालवू नका. पाय फार न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून सोबत नेण्याची गरज नाही.

छत्री घरीच ठेवा. सड्यावरचा वारा ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो.

कातळशिल्पं, म्हणजे सड्यावर कोरलेली प्राचीन चित्रं, बघायला जुलैत येणाऱ्यांची निराशा होते, आणि त्यात शिल्पांचा काही दोष नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांबीचा आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाहीच, त्यात खोदरेषांत पाणी आणि शेवाळ भरलेलं. मग कुणीतरी रेषा खडूने गिरवायला घेतं, कुणी फोटोसाठी चित्राच्या मधोमध जाऊन उभं राहतं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. यादीत नसती तरी त्यांच्यावर पाय देणं गैरच होतं. शिल्पंच बघायची असतील तर पाऊस ओसरल्यावर या, आणि सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात बघा. रानफुलांचं गणित वेगळं. दिपकाडी पहिल्या पावसातच फुलते. गेंद आणि सीतेची आसवं यांचे ताटवे ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यांची माती बोटभर जाडीचीसुद्धा नसते, गाडीचं एक चाक गेलं तरी ती उखडते. गाडी रस्त्यावरच ठेवा.

विजांचा धोका जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त. सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की उतरायला लागा, एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या, पण जिथे उतरलात त्या घरचे ‘आज नको’ म्हणाले तर ॲपशी पडताळत बसू नका.

पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, पण पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, कड्याला वळसा घालून पलीकडे जाणारेही अडकतात. भरतीचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच.

आता घराबद्दल. ‘निवास व न्याहारी’ ही राज्याच्या पर्यटन विभागाची योजनाच आहे, आणि तिचा अर्थ तुम्ही हॉटेलात नाही, कुणाच्या तरी घरात उतरता असा आहे. रात्री दहाला ‘काकू, उद्या घावणे मिळतील ना?’ विचारलं तर काकू नाही म्हणणार नाहीत, पण तांदूळ तोवर भिजत घालायचे राहिलेले असतात. आल्या आल्या सांगा. जूनच्या अखेरीला सुरमईचा हट्ट धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा मिळते ती खाडीची मासळी नाहीतर सुकं. त्यापेक्षा टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी मागा. माझ्या मते या दिवसांत तेच खरं जेवण.

आरक्षण करताना खोलीचे फोटो मागवले जातात, पण हे विचारायचं राहून जातं: गाडी दारापर्यंत येते की शेवटची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चालायची? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? नेटवर्क कुणाचं चालतं? ते गेलं की यूपीआयही जातं, तेव्हा रोख पैसे ठेवा. जीन्स आणू नका, दोन दिवसांत वाळत नाही. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. चुलीला टेकवून ठेवले तर तळवा सुटतो, हातभर लांब ठेवा.

कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. वेग कमी केलेला असतो आणि गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे गेल्या खेपेची वेळ धरून निघू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून बरंच लांब आहे, तिथे अपरात्री उतरणार असाल तर ज्यांच्याकडे उतरायचंय त्या दादांना रिक्षा सांगून ठेवायला आधीच फोन करा. आणि परतीच्या दिवशी मुंबईहून पुढचं विमान पकडायचं ठरवू नका. दरड आली की रेल्वे आणि घाट दोन्ही एकाच दिवशी अडकू शकतात.