पाव किलो म्हणजे पावणेदोन कप

अमेरिकेत येऊन पहिली दिवाळी तोंडावर आली की हा घोळ ठरलेला. आई फोनवर सुकामेवा पाव किलोत सांगते, इथल्या कृती कपात असतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात औंस.

औंसांपासून सुरुवात करा, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. कप ८ औंसांचा असतो हे खरं, पण ते द्रवाचे औंस, म्हणजे आकारमान. बदामाच्या पाकिटावरचे औंस वजनाचे. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. ८ औंस बदाम म्हणजे २२७ ग्रॅम, आणि ते भरतात दीड कपाहून जास्त. पाकिटावर ग्रॅमही छापलेले असतात. सरळ तेच वाचा.

आता पाठ करण्यासारखं एकच: पाव किलो अखंड बदाम किंवा शेंगदाणे म्हणजे पावणेदोन कप. काजू किंचित जास्त, कारण ते वाकडे, मध्ये पोकळी राहते. अक्रोडाच्या अर्ध्या फोडी मात्र हलक्या, कपात जेमतेम १०० ग्रॅम मावतात, म्हणून पाव किलोला अडीच कप लागतात. कप सपाट भरायचा, शीग लावायची नाही.

खरी गडबड कापल्या-दळल्यावर होते. अखंड बदाम कपात १४० ग्रॅमच्या आसपास बसतात, पातळ काप ९२ आणि बारीक पूड साधारण ९५. म्हणजे कपभर बदाम दळले की दीड कप पूड. काजूकतलीला ‘दोन कप काजू, एक कप साखर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आधी विचारा, काजू अखंड मोजायचे की पूड करून? नाहीतर कतली एकतर फिकी होईल किंवा गोडमिट्ट. खिचडीच्या कुटाचं एवढं मनावर घेऊ नका, तिथे हाताचा अंदाज पुरतो. दाणे तेवढे कच्चे आणा, खारवलेले नकोत.

आईची कृती वाटीत असेल तर रूपांतराच्या भानगडीत पडूच नका. एकच वाटी सगळ्याला वापरा, प्रमाण आपोआप जुळतं. वाटीचं माप हवंच असेल तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. हा छोटा डिजिटल काटा मी तरी मिक्सरच्याही आधी घ्यायला सांगेन. महाग नसतो, आणि बर्फी-कतलीला कपापेक्षा तोच भरवशाचा.

सिडनी-मेलबर्नच्या नातलगांकडून कृती आली तर त्यांचा कप २५० मिलीचा, आपला २३७ चा. सुक्यामेव्यात तेवढं चालून जातं. पण त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा असतो, आपला १५ चा, तेव्हा तूप घालताना तेवढं बघा.